पूजेत ठेवलेली टिटवी

गेनूकाकांना ओळखायचं तर त्यांच्या रीतीभातीपासून सुरुवात करावी लागते, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. कुरुळीचा हा गडी रीत मोडून पाणीसुद्धा प्यायचा नाही. कंपनीत शिरताना आधी गेटला हात लावून तो कपाळाला लावणार. जमिनीवरचा पान्हा कुणी ओलांडला तर त्याला मागं फिरवून पान्ह्याच्या पाया पडायला लावणार, मग तो हेल्पर असो नाहीतर इंजिनिअर. पोरं चेष्टा करायची, "काका, हजेरीच्या मशीनला पण नमस्कार करा की!" काका म्हणायचे, "करतो की. पगार तिच्यापायीच निघतो ना?" आणि खरंच करायचे. चेष्टा करणाऱ्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं.

कंपनी चाकणच्या एमआयडीसीत. कोळशापासून गॅस करायचे प्लांट बनवते आणि वीज केंद्रांना विकते. कोळसा सरळ जाळला की धूर, काजळी, राखेचे डोंगर. तोच कोळसा बंद भट्टीत, बेतानं हवा आणि वाफ सोडून, अर्धामुर्धा जाळला की त्यातून जळणारा गॅस निघतो. तो धुवायचा, गाळायचा आणि त्यावर इंजिन फिरवून वीज करायची. गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून कंपनीच्या मागच्या शेडमध्ये असा एक छोटा प्लांट कायम चालू असतो. त्यावर गेनूकाका ऑपरेटर.

सगुणाबाईंनी, म्हणजे काकांच्या मंडळींनी, एकदा विचारलं होतं की तुम्ही तिथं नेमकं करता तरी काय. काका म्हणाले, "आगं, वली लाकडं चुलीत घातली की धूर व्हतो का न्हाई? त्या धुराला काडी लावली की भपकन पेटतो का न्हाई? आमी तो धूर धरतो, त्याला आंघोळ घालतो आन् कामाला लावतो." सगुणाबाई म्हणाल्या, "मंग माझा तर सारा जलम त्यातच गेला. मला न्हाई कुणी पगार दिला." ह्या बाईच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे काकांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

पण ह्या गॅसची एक वाईट खोड आहे. भट्टीतून ताजा निघतो तेव्हा डांबराचा असा वास मारतो की मेलेला माणूस उठून बसेल. धुऊन, गाळून स्वच्छ झाला की वास जातो, विष मात्र तेवढंच राहतं. "घाण गॅस बोंबलत येतो," काका नव्या पोरांना सांगायचे, "आन् धुतलेला गॅस मांजराच्या पावलानं येतो. कळायच्या आत माणूस आडवा." म्हणून तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या पट्ट्याला एक पिवळी डबी अडकवलेली असायची. हवेत गॅस आला की ती असली किंचाळायची की कानठळ्या बसाव्यात. पोरांनी तिचं नाव टिटवी ठेवलं होतं.

काकांच्या हाताखाली समाधान नावाचा पोरगा होता. पोरगा म्हणायचं आपलं, बायको-लेकराचा धनी होता तो. बीड जिल्ह्यातला, केजकडचा. काकांनीच शब्द टाकून त्याला चिकटवला होता आणि राहायलाही आपल्याच घरामागच्या पत्र्याच्या खोल्यांतली एक दिली होती. बायको स्वरूपा, मुलगी संस्कृती, अजून बालवाडीतली. काकांची स्वतःची लेक पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत. तिला माहेरी यायला सवड होत नाही. तेव्हा जीव लावायला हाताशी हाच होता. डबा एकत्र, चहा एकत्र, मोटारसायकलवर पुढं समाधान, मागं काका. लोक बापलेकच समजायचे आणि काका ते दुरुस्त करायचे नाहीत.

आता खंडेनवमीचं सांगतो.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा सण. त्या दिवशी कंपनीत यंत्रं बंद, सगळं धुऊन पुसून लख्ख, झेंडूचे हार, पेढे. काकांचा तो वर्षातला सर्वांत मोठा दिवस. आदल्या संध्याकाळीच प्लांट थांबवला होता. भट्टी मात्र विझवत नाहीत, आत निखारा दाबून ठेवतात. ह्या निखाऱ्याचा गॅसही बिनवासाचाच, तो पुढं फिल्टरच्या खोलीकडं येऊ नये म्हणून मध्ये पाण्याची एक टाकी असते. पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं. पाणी आहे तोवर गॅस अडलेला. पाणी उतरलं की एक लहानसा पंप ते भरत राहतो. त्या दिवशी यंत्रांना सुट्टी म्हणून कुणीतरी सगळीच बटणं खाली केली, त्यात तो पंपही बंद झाला. टाकीत पाणी कमी कमी होत गेलं आणि ते बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

काका चौरंग मांडत होते. पान्हे, हातोडे, भट्टी ढवळायच्या लांब सळया, सगळं ओळीनं. प्लांटचे मॅनेजर धनेश साहेब जोडीनं पूजेला बसायचे होते, त्यामुळे काकांचा पाय जमिनीला लागत नव्हता. मांडून झाल्यावर त्यांची नजर पोरांच्या पट्ट्यांवर गेली.

"आरं, ह्या टिटव्या काढा. पूजेत ठेवायच्या."

पोरांनी मुकाट्यानं काढून दिल्या. काकांशी वाद घालण्यापेक्षा ते परवडायचं. समाधाननं मात्र पट्ट्यावर हात ठेवला.

"काका, ही राहू द्या की. ही काय हत्यार हाय का?"

"मंग काय दागिना हाय? वरीसभर तुझा जीव राखती, तिला एक दिस हळद-कुकू नगं? आज हत्याराला इसावा द्यायचा असतोय. काढ!"

शेवटचा शब्द काका जरा खेकसूनच बोलले. समाधाननं टिटवी काढून त्यांच्या हातात दिली. काकांनी सगळ्या टिटव्या चौरंगावर मांडल्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलं, वर अक्षता टाकल्या. पूजेला लागलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही रीत तुम्हालाही ठाऊक असेल.

भट्टीला हार झाला, इंजिनाला झाला, कंट्रोल पॅनलला झाला. एक उरला. काका म्हणाले, "समाधान, हा फिल्टरच्या खोलीत घालून ये. बिचारा बारा म्हैने काजळी गिळतोय, त्याला कोण इचारतंय?" समाधान हसला, हार खांद्यावर टाकून गेला. तेवढ्यात साहेब आले, साहेबांच्या बाई आल्या, आणि आरती सुरू झाली.

आरती काकांना आवडते ती सावकाश, सगळी कडवी म्हणून. घंटा त्यांच्याच हातात. एक झाली, दुसरी झाली, मंत्रपुष्पांजली झाली, नारळ फुटला. मध्ये एकदा त्यांनी मान वळवून बघितलं, समाधान दिसला नाही. टिटवीवरून खेकसलो म्हणून रुसून बसला असेल, असं त्यांना वाटलं. प्रसाद वाटून झाल्यावर खोबऱ्याचा मोठा तुकडा हातात घेऊन ते स्वतःच त्याची समजूत काढायला निघाले.

फिल्टरच्या खोलीचं दार ओढलं. समाधान उताणा पडला होता. तोंड लालबुंद, उन्हातून येऊन गाढ झोपल्यासारखा. हार निम्मा फिल्टरच्या दांड्यावर, निम्मा त्याच्या मुठीत. आतली हवा दारातून बाहेर शेडमध्ये आली आणि तिकडं चौरंगावर, फुलांत बसलेल्या टिटव्या एकदम, एका सुरात किंचाळायला लागल्या. साहेबांच्या बाईंच्या हातातलं ताट खाली पडलं. काकांनी श्वास कोंडला, समाधानचे पाय धरले आणि ओढत त्याला उघड्यावर आणलं. तिथं स्वतःही कोसळले. खोबरं कुठं पडलं कुणास ठाऊक.

दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला. दसऱ्याच्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले, स्वरूपाला ओळखलं आणि म्हणाला, "भूक लागली." काका तिथंच व्हरांड्यात फरशीवर बसून हमसून हमसून रडले. देव तारी त्याला कोण मारी, असं जो तो म्हणायला लागला.

इकडं कंपनीत चौकशी झाली. धनेश साहेबांनी सगळ्यांना समोर उभं केलं. "टिटव्या पट्ट्याला का नव्हत्या?" पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. काकांचं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटेना. एक जण म्हणाला, "ज्याची त्यानं काढून ठेवली साहेब." बाकीच्यांनी त्याचीच री ओढली. "आणि बंद खोलीत त्याला पाठवलं कुणी?" ह्याला उत्तर देणारा एकच माणूस तिथं होता, आणि तो खाली मान घालून उभा होता. साहेबांनी जरा वाट पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे स्वतःच्या मनानं गेला. स्वतःच टिटवी काढली, स्वतःच आत गेला. ह्याला आगाऊपणा म्हणतात." चौकशी संपली. चहा आला. काकांनी चहा घेतला.

मी म्हणतो, त्या क्षणी बोलायला काय झालं होतं ह्या माणसाला? पान्ह्याच्या पाया पडायला लावणारा हा माणूस! पण भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर साहेब डाफरणार, पोरांच्या नजरेतून उतरणार, ह्याची भीती. आणि मनाची समजूत घालायला निमित्त होतंच की. समाधान तर बरा झालाय, कुणाचं काय वाकडं झालंय?

दवाखान्यातून घरी आल्यावर समाधाननं स्वतःच विचारलं. अंगणात खाटेवर बसला होता, चांगला तरतरीत. म्हणाला, "काका, मला त्या दिवशीचं काहीच आठवंना. सगळे म्हणतेत मी आपल्या मनानं आत गेलतो. कामून गेलतो मी?"

काकांच्या ओठांवर आलं होतं. स्वरूपा शेजारीच ज्वारी निवडत होती. काका म्हणाले, "काय म्हाईत बाबा." आणि उठून हातपाय धुवायला गेले. मनात म्हणाले, दिवाळी होऊ दे, ऐन सणाला कशाला. दिवाळीनंतर निवांत सांगू.

दिवाळी छान झाली. समाधाननं आकाशकंदील केला, संस्कृतीला किल्ला करून दिला, काकांच्या पाया पडला. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न लागलं, आणि त्यानंतर एका सकाळी तो दात घासायचा ब्रश हातात घेऊन नळापाशी तसाच उभा राहिला. पाणी वाहत राहिलं. स्वरूपानं हाक मारली तर तिच्याकडं बघून हसला. ब्रशचं काय करायचं हे त्याला आठवत नव्हतं.

मग रोज काहीतरी गळत गेलं. पायात दोन वेगळ्या चपला. सदऱ्याची बटणं लावता येईनात. चालताना पाय फरफटायला लागले. खोलीच्या कोपऱ्यातच लघवीला बसला, तेव्हा स्वरूपा तोंडात पदर कोंबून रडली. संस्कृतीला एकदा म्हणाला, "तू कुणाची गं बाळ? घरी जा, आई वाट बघत असंल." पोरीला वाटलं बाबा खेळतोय. ती बाहेर जाऊन परत आली आणि म्हणाली, "आले घरी!"

पिंपरीच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. म्हणाले, गॅस अंगातून निघून जातो, पण मेंदूवरचा मार कधी कधी मागाहून उमटतो. काही पेशंट वर्षभरात सावरतात. काही नाही. हा कुठल्यातला, ते आत्ताच सांगता येणार नाही. काकांनी डॉक्टरांचे पाय धरले. डॉक्टर संकोचून मागं सरले.

काका वेड्यासारखे झाले. भैरवनाथाला साकडं घातलं. कुणी ब्राह्मी सांगितली, ब्राह्मी आणली. कुणी बदाम सांगितले, रोज उगाळून दिले. कंपनीतून पान्हे आणून समाधानच्या हातात द्यायचे. "ह्यो कशाचा? सांग की राजा. तूच न्हाई का वापरायचा?" समाधान पान्हा उलटासुलटा करून बघायचा आणि सभ्यपणानं परत द्यायचा. आजचं उद्या राहत नव्हतं त्याच्यापाशी. सकाळचं दुपारी राहत नव्हतं. मात्र बोलायला गोड. मोठ्या माणसाला मान देणं, उठून जागा देणं, बसा म्हणणं, हे कुठं खोल मुरलेलं होतं ते तसंच होतं.

आणि स्वरूपा! ती बाई एक दिवस जेवायला बसलेल्या काकांपुढं हात जोडून उभी राहिली. "काका, ह्यांच्या आगाऊपणानं तुमच्या सगळ्यांच्या नावाला बट्टा लागला. साहेब तुम्हाला बोलले असतील. तुम्हीच ह्यांना लावलं होतं कामाला." काकांच्या हातातला घास हातातच राहिला. सगुणाबाई त्यांच्याकडं रोखून बघत होत्या. काका म्हणाले, "न्हाई गं पोरी, न्हाई," आणि ताटावरून उठले. चोराच्या मनात चांदणं. त्यांना वाटलं, ही मुद्दामच बोलतीय. पण ती बिचारी मनापासून बोलत होती.

आता तिला घर चालवायचं होतं. संध्याकाळी ती कुरुळीतल्याच एका मेसमध्ये चपात्या लाटायला जायला लागली. तेवढ्या वेळात समाधानपाशी कुणी बसायचं? काका म्हणाले, मी बसतो. पहिल्या शिफ्टहून आले की चहा पिऊन ते थेट त्याच्या खोलीत. संस्कृती अंगणात खेळत असायची.

अशाच एका संध्याकाळी त्यांच्याच्यानं राहवेना. समाधान भिंतीला टेकून बसला होता. काका त्याच्यासमोर बसले, त्याचे दोन्ही हात धरले आणि सगळं सांगितलं. टिटवी म्या काढायला लावली. तू नगं म्हणत व्हतास. हार घिऊन तुला म्याच धाडलं. साहेबानं इचारलं तवा म्या तोंड उघडलं न्हाई. तू इचारलंस तवाबी खोटं बोललो. सांगता सांगता त्यांना हुंदका आवरेना.

समाधान सगळं नीट ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर कळल्यासारखं दिसत होतं. मग त्यानं काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असू द्या काका," तो म्हणाला. "तुम्ही काय जाणून केलं का?"

काकांना वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला. त्या दिवशी ते पोटभर जेवले, ताणून झोपले. सकाळी समाधानला हाक मारली तर तो म्हणाला, "या पाव्हणे." रात्रीत सगळं पुसलं गेलं होतं, माफीसकट.

संध्याकाळपर्यंत धोंडा पुन्हा जागेवर. काकांनी पुन्हा सांगितलं. समाधाननं पुन्हा पहिल्यांदाच ऐकलं आणि पुन्हा म्हणाला, "असू द्या काका." पुन्हा काकांना झोप लागली. मग काय, तंबाखूची लागते तशी तलफच लागली त्यांना. रोज संध्याकाळी बसायचं, हात धरायचे, सांगायचं, रडायचं, माफी घ्यायची आणि स्वरूपा यायच्या आत उठून घरी जायचं. ती आल्यावर तिच्या तोंडाकडं बघायला नको वाटायचं म्हणून. सगुणाबाई म्हणाल्या, "रोज त्या लेकराच्या कानात काय सांगता वो?" काका म्हणाले, "देवाचं नाव घितो." बाई म्हणाल्या, "देवाचं नाव घेताना मान्साचे डोळे इतके सुजत न्हाईत."

थंडी संपली, शिमगा झाला. समाधान सावरत नव्हता, उलट खंगत होता. एक दिवस संध्याकाळी काका कंपनीतून आले तर स्वरूपा मेसला गेलेली नव्हती. दाराबाहेर भांड्यांचं बोचकं बांधलेलं, आत गाद्यांची वळकटी. समाधान आत खाटेवर बसला होता. स्वरूपा बाहेर येऊन काकांना म्हणाली, "उद्या माझा भाऊ गाडी घेऊन येतोय. आम्ही गावाकडं जातोय काका. कायमचं."

काका म्हणाले, "आगं पर हितं डाक्तर हाय, आमी हाव. तिथं कोण हाय?"

"तिथं काही नाही, ठाऊक हाय मला. पण इथं ह्यांचं मन लागंना."

"म्हंजी?"

"जाऊ द्या," ती म्हणाली.

काकांना कळलं की आता नाही तर कधीच नाही. हा पोरगा आगाऊ म्हणून, मूर्ख म्हणून गावात जाणार. ह्याची लेक मोठी होईल तेव्हा तिलाही तेच सांगितलं जाणार, की तुझ्या बापानं स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं केलं. काका अंगणात उकिडवे बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "स्वरूपा, बस जरा. तुला एक सांगायचंय. मंग तू मला जोड्यानं मारलंस तरी चालंल."

त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. खेकसलो तेही सांगितलं. चहा घेतला तेही सांगितलं.

स्वरूपा उभीच होती. तिनं आरडाओरडा केला नाही. आपल्याच दोन हातांकडं बघत राहिली, चपात्या लाटून लाटून तळव्याला घट्टे पडले होते. मग म्हणाली, "मी तुमच्यापुढं हात जोडले होते काका."

"व्हय."

"तुम्ही जोडू दिले."

"व्हय पोरी." काकांना वर बघवेना. "म्या त्याला सांगितलं सगळं. त्याची माफी मागितली. एकदा न्हाई, रोज मागतो. तो म्हनतो, असू द्या काका. लई मोठ्या मनाचा हाय तुझा नवरा."

"रोज?" स्वरूपानं विचारलं.

"रोज."

"संध्याकाळी? मी मेसला गेल्यावर?"

"व्हय. तू यायच्या आत उठतो."

स्वरूपा मटकन खाली बसली. एकदा खोलीकडं, एकदा काकांकडं बघत राहिली. मग हळू आवाजात, जपून जपून बोलावं तसं बोलली.

"मी रोज येते तर हे रडत असतेत काका. भिंतीकडं तोंड करून. मी विचारते काय झालं, तर म्हणतेत ठाऊक नाही. कुठं दुखतंय का, तर नाही. कुणी बोललं का, तर आठवत नाही. पण रडू थांबत नाही. जेवत नाहीत. संस्कृती फ्रॉकनं डोळे पुसते ह्यांचे. मला वाटायचं, मी सोडून जाते म्हणून रडतेत. इथं परक्या गावात जीव घाबरतो म्हणून रडतेत. म्हणून तर काम सोडलं मी, म्हणून तर गावाला चालले." ती थांबली. "तुम्ही सांगितलेलं विसरतेत हो ते. पण त्याचं दुःख राहतं मागं. कशाचं हाय ते मात्र कळत नाही त्यांना."

कितीतरी संध्याकाळी काका ह्या अंगणातून हलके होऊन गेले होते, गरम भाकरीवर तूप घालून जेवले होते.

"म्या नीच हाय," ते म्हणाले. कपाळावर हात मारून घेतला. "आगं म्या नीच हाय गं!"

"ते काय मी ठरवत नाही," स्वरूपा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "तुम्हाला सांगायचंय ना, तर कंपनीत सांगा. साहेबासमोर सांगा, त्या पोरांसमोर सांगा. माझा भाऊ आला की त्याला सांगा. ह्या गल्लीत प्रत्येकाला सांगा. फक्त ह्यांना सांगू नका. हात जोडते."

हात मात्र तिनं जोडले नाहीत.

"सकाळच्या शिफ्टला सांगतो," काका म्हणाले. "सगळ्यांम्होरं."

"सांगाल तेव्हा खरं."

आतून समाधानचा आवाज आला. "कोण आलंय गं? बाहेर कामून बसवलं? आत येऊ दे की त्यांना."

काकांना पळून जावंसं वाटलं. पण स्वरूपा दारातून बाजूला झाली होती. ते आत गेले. समाधाननं धडपडत उठून खाटेवर जागा करून दिली. "बसा काका," म्हणाला. आज त्याला आल्या आल्याच काका म्हणायचं सुचलं होतं. काका टेकले आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. टोपीत तोंड खुपसून ते रडायला लागले.

समाधान घाबरला. त्यानं काकांच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "काय झालं काका? कुणी काही बोललं का?"

काकांनी मान हलवली.

"मग कामून रडता? मला सांगा की. सांगितलं की हलकं वाटतं माणसाला."

शब्द काकांच्या गळ्याशी आले होते. रोजचेच, पाठ झालेले शब्द. एवढंच बोलायचं होतं, आणि तो म्हणाला असता, असू द्या काका. दारात स्वरूपा उभी होती, कडेवर संस्कृती. काकांनी टोपी तोंडावरून काढली, डोळे पुसले, आणि ती डोक्यावर नीट बसवली.

"काय न्हाई रं," ते म्हणाले. "तुमी उद्या गावाला चाललाव ना, म्हनून."

"हात्तिच्या!" समाधान हसला. "येऊ की परत."

"या," काका म्हणाले. मग स्वरूपाला म्हणाले, "पोरी, त्याला जेवाया वाढ. आज तो जेवंल."